चार ठेकेदार, चार फाइली: एकमेकांत गुंतलेली शेड्यूल्स सांभाळायची कशी

कोकणात बंदराचं काम निघालं की ते एका फाइलमध्ये कधीच मावत नाही. जेटी एकाकडे, तिथवर जाणारा पोचरस्ता दुसऱ्याकडे, बर्फ कारखाना नि लिलावशेड तिसऱ्याकडे, विजेचं काम चौथ्याकडे. प्रत्येकाचं आपापलं शेड्यूल, आपापला लॅपटॉप, आणि ज्याची त्याची फाइल उघडून बघितली तर सगळं व्यवस्थित. मग एप्रिल उजाडतो आणि कळतं की जेटीवाल्याने पायलिंगची रिग (पायाचे खांब जमिनीत उतरवणारं यंत्र) या महिन्यात बोलावलीये आणि रिग ज्या भरावावरून आत जायची तो भराव रस्तेवाल्याने मे अखेरीस धरलाय. दोघांचंही गणित आपापल्या जागी बरोबर आहे, फक्त मधला दुवा कोणाच्याच फाइलमध्ये नाही.

त्या मधल्या दुव्यांचं काय करायचं ते इथे पायरीपायरीने लिहितोय. उदाहरण म्हणून दापोली-गुहागर पट्ट्यातलं एखादं लहान मासेमारी बंदर डोळ्यासमोर धरा, वर सांगितलेल्या चार कामांचं. सॉफ्टवेअर मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टची डेस्कटॉप आवृत्ती धरलीये, प्रायमावेरा हे दुसरं शेड्यूलिंग सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी शेवटाकडे थोडं आहे, आणि ज्यांच्याकडे यातलं काहीच नाही त्यांच्यासाठी पण.

माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढचं सगळं कशासाठी ते कळेल. दोन फाइलींमधल्या लिंका अगदी मोजक्या हव्यात, जिथे एक माणूस दुसऱ्याच्या ताब्यात खरोखर काहीतरी देतो फक्त तिथे. आणि पलीकडची तारीख सरकली की ती आपोआप आपल्या फाइलमध्ये घुसता कामा नये, कोणीतरी बघायची, फोन करायचा, मग स्वीकारायची. बाकी सगळी बटणं ही या दोन गोष्टींसाठीच.

पायरी 1: आधी कागद, मग कंप्युटर

चौघांना एका टेबलावर बसवा. प्रत्येकाला दोनच प्रश्न विचारायचे, तुला दुसऱ्याकडून काय हवंय, आणि तू दुसऱ्याला काय देणार आहेस. उत्तरं एका कागदावर. आपल्या उदाहरणात साधारण अशी यादी निघेल: रस्तेवाला जेटीवाल्याला रिग जाण्याइतका भराव देणार. कारखानावाला वीजवाल्याला ट्रान्सफॉर्मरचा पाया देणार. वीजवाला कारखानावाल्याला चालू सप्लाय देणार, कारण त्याशिवाय कॉम्प्रेसरची चाचणी होत नाही. जेटीवाला रस्तेवाल्याला जेटीचं किनाऱ्याकडचं टोक देणार, म्हणजे रॅम्प जोडता येईल.

इथे शब्द नीट निवडा. "रस्ता पूर्ण" असं लिहिलंत तर डांबरीकरणापर्यंत सगळं आलं आणि जेटीवाला फुकट दोन महिने थांबला. त्याला हवाय फक्त दाबलेला भराव आणि वळणावर रिगचा ट्रेलर फिरेल एवढी रुंदी. मग तेवढंच लिहा, किती रुंद, कुठपर्यंत, कोण तपासून हो म्हणणार. बैठकीतला निम्मा वेळ यातच जातो आणि तो जाऊ द्यावा, कारण पुढे भांडण होतं ते तारखेवरून कमी आणि "तयार" म्हणजे नक्की काय यावरून जास्त.

यादी दहा-बाराच्या वर गेली तर परत बघा. बहुतेक वेळा एकच गोष्ट तीन नावांनी लिहिलेली असते, किंवा असं काहीतरी आलेलं असतं जे एकाच फाइलच्या आतलं आहे.

पायरी 2: कॅलेंडर, सगळ्यात महत्त्वाची

शहरातल्या प्लॅनरने केलेलं शेड्यूल इथे फसतं ते कॅलेंडरवर. आपल्याकडे पाच दिवसांचा उशीर म्हणजे पाचच दिवस नसतो, तो मेच्या शेवटी आला तर ऑक्टोबरवर जातो. आकड्यांत बघा. पाण्यातल्या कामाला 1 जून ते 30 सप्टेंबर बंद, आठवड्याचे सहा दिवस काम, रविवार सुट्टी. एका पाइल कॅपला, म्हणजे खांबांच्या डोक्यावरच्या कॉंक्रीटच्या ठोकळ्याला, 10 दिवस लागतात. मंगळवार 18 मे 2027 ला सुरू केलं तर शुक्रवार 28 मे ला संपलं. तेच फक्त पाच कामाचे दिवस उशिरा, सोमवार 24 मे ला सुरू झालं तर 31 मे पर्यंत सात दिवस होतात, उरलेले तीन दिवस पावसाळ्यापलीकडे जातात, आणि मध्ये 2 ऑक्टोबरची सुट्टी धरून काम संपतं 5 ऑक्टोबरला. पाच दिवस उशीर, चार महिन्यांहून जास्त घसरण. आता ही कॅप ज्या फाइलला काही देणार होती तिथे काय होईल त्याचा विचार करा.

सॉफ्टवेअर हे गणित बिनचूक करतं, पण पावसाळा त्याला सांगितला तरच. आणि एक लक्षात ठेवा, सात दिवस मेमध्ये नि तीन दिवस ऑक्टोबरमध्ये असं काम ते निमूटपणे तोडून दाखवेल, प्रत्यक्षात अर्धवट सळया उघड्या ठेवून खारं वारं नि लाटा खायला कोणी शहाणा माणूस तयार होणार नाही. म्हणून अशा टास्कवर "याच्यानंतर सुरूच करायचं नाही" ही तारीख वेगळ्या कॉलममध्ये लिहून ठेवायची. मी तर पाण्यातलं काम 31 मे पर्यंत धरायच्याच विरुद्ध आहे. 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळ मेच्या मध्यालाच आपल्या किनाऱ्याला घासून गेलं, आदल्या वर्षी निसर्ग 3 जूनला येऊन थडकलं होतं. मेचा दुसरा पंधरवडा हा राखीव धरा, कामाचा नको.

प्रोजेक्टमध्ये हे करायचं ते प्रोजेक्ट टॅबवर चेंज वर्किंग टाइममधून. किमान दोन कॅलेंडरं बनवा. एक "पाण्यातलं काम", पावसाळा पूर्ण बंद. दुसरं "छपराखालचं काम", म्हणजे कारखान्यातली मशिनरी, वायरिंग, आतलं प्लास्टर, हे पावसाळ्यात पण चालतं, फक्त गणपतीत बंद. गणपतीत साइटवर माणूस मिळेल अशी आशाच धरू नका, चाकरमानी मुंबईहून गावी येतो तसा साइटवरचा गडी पण आपल्या घरी जातो, आणि जायलाच हवा. शिमग्याला पण तेच, पालखी दारात आली की काम थांबतं. हे सण तिथीने येतात, त्यामुळे गेल्या वर्षीचं कॅलेंडर कॉपी मारून चालत नाही. गणेश चतुर्थी 2025 ला 27 ऑगस्टला होती, 2026 ला 14 सप्टेंबरला, अठरा दिवसांचा फरक. चिरेखाणीसुद्धा पावसात बंद असतात, कंपाउंडच्या चिऱ्याचा साठा मेच्या आत करायचा टास्क कारखानावाल्याच्या फाइलमध्ये वेगळा टाका.

आता यातली गोम अशी की कॅलेंडर प्रत्येक फाइलमध्ये वेगळं साठवलेलं असतं. चौघांनी आपापल्या हाताने "पाण्यातलं काम" बनवलं तर नाव एक आणि तारखा चार प्रकारच्या होतात. त्यामुळे एकाच फाइलमध्ये नीट बनवा, मग फाइल मेनूत इन्फोमध्ये ऑर्गनायझर आहे, त्यात कॅलेंडर्स टॅबवरून बाकीच्या तीन फाइलींत कॉपी करा. बदल झाला तरी असाच, एकाने करायचा आणि सगळीकडे पोचवायचा.

कामाचे तास पण जुळवा. एकाची फाइल 8 ते 5, दुसऱ्याची 9 ते 6, असं असेल तर माइलस्टोन, म्हणजे एखादी गोष्ट झाल्याची खूण, संध्याकाळी 6 ला पडतो, पलीकडच्याचा दिवस 5 लाच संपलेला असतो, आणि काम गुपचूप दुसऱ्या दिवसावर जातं. स्क्रीनवर फक्त तारीख दिसते म्हणून ते लक्षात येत नाही. ऑप्शन्समध्ये जनरलखाली डेट फॉरमॅट वेळेसकट दिसेल असा करून एकदा सगळे देवाणघेवाणीचे माइलस्टोन तपासा.

पायरी 3: प्रत्येक फाइल आपल्यापुरती साफ करणे

लिंक टाकायच्या आधी फाइल हलणारी हवी, नाहीतर लिंक जोडून उपयोग नाही. प्रोजेक्टच्या 2010 पासूनच्या आवृत्त्यांत नवीन टास्क मुळातच मॅन्युअली शेड्यूल्ड असतो, म्हणजे मागचं काम कितीही सरकलं तरी हा जागचा हलत नाही. ऑप्शन्समध्ये शेड्यूलखाली नवीन टास्क ऑटो शेड्यूल्ड होतील असं करा, आणि आधीपासूनचे सगळे सिलेक्ट करून टास्क टॅबवरून ऑटो करा.

मग कन्स्ट्रेंट. स्टार्ट कॉलममध्ये कोणी हाताने तारीख टाइप केली की सॉफ्टवेअर "या तारखेआधी सुरू नको" असं बंधन घालतं. त्यामुळे पलीकडून काम आठ दिवस लवकर मिळालं तरी आपलं पुढे येत नाही. कन्स्ट्रेंट टाइप हा कॉलम आणा, "ॲज सून ॲज पॉसिबल" सोडून जे काही दिसेल त्याला कारण विचारा. काही बंधनं खरी असतात. आपल्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, त्या काळात लिलाव थंडावतो म्हणून जुन्या शेडमधून नव्यात सामान हलवायचं काम तेव्हाच धरलं तर ते बंधन योग्य आहे. त्याचं कारण नोट्समध्ये लिहा म्हणजे पुढच्या माणसाने ते उडवायला नको. बाकीची काढून टाका.

क्युअरिंगबद्दल, म्हणजे ओतलेलं कॉंक्रीट ओलं ठेवण्याबद्दल, इथेच सांगतो कारण ते दोन फाइलींच्या सीमेवर नेहमी येतं. आयएस 456 या कॉंक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे साध्या सिमेंटला (ओपीसी) किमान 7 दिवस ओलं ठेवायचं, स्लॅगसारखं मिश्र सिमेंट असेल किंवा कडक कोरडं ऊन असेल तर किमान 10. समुद्राकाठी बहुतेक दुसरंच लागू. हे दिवस रविवारी पण मोजले जातात. म्हणून कालावधी लिहिताना 10 च्या पुढे नुसतं डी न लिहिता ई आणि डी ही दोन इंग्रजी अक्षरं टाइप करा, म्हणजे सॉफ्टवेअर सलग दिवस मोजतं. हे केलं नाही आणि टास्कला पाण्यातल्या कामाचं कॅलेंडर लागलेलं असलं तर 28 मे ला ओतलेल्या कॉंक्रीटचं क्युअरिंग दोन दिवस मेमध्ये आणि आठ दिवस ऑक्टोबरमध्ये दाखवतं, जे बघून साइटवरचा माणूस त्या शेड्यूलवर पुन्हा विश्वास ठेवत नाही. सलग दिवसांत धरलं तर 7 जूनच्या आसपास संपतं, जे खरं आहे.

पायरी 4: देणारा माइलस्टोन, घेणारा माइलस्टोन

कागदावरच्या यादीतल्या प्रत्येक ओळीसाठी दोन माइलस्टोन करायचे, म्हणजे शून्य कालावधीचे टास्क. देणाऱ्याच्या फाइलमध्ये एक, घेणाऱ्याच्या फाइलमध्ये एक. नावं अशी ठेवा की वाचताक्षणी कळेल: "दे-01 रिगसाठी भराव, जेटीला" आणि "घे-01 रिगसाठी भराव, रस्त्याकडून". नंबर दोन्हीकडे तोच. लिंक फक्त या दोघांमध्ये. देणाऱ्याच्या आतल्या तीस टास्कांना काय व्हायचं ते होऊ दे, ते सगळे शेवटी "दे-01" ला जोडलेले असले की झालं. घेणाऱ्याकडे पण "घे-01" च्या पुढे त्याची कामं.

याचा खरा फायदा महिन्याभराने कळतो. रस्तेवाला आपली फाइल पूर्ण बदलतो, टास्क तोडतो, नवीन घालतो, त्याला ते करायचा हक्कच आहे. लिंका आतल्या टास्कांवर असत्या तर त्यातल्या निम्म्या तुटल्या असत्या. इथे तो "दे-01" ला हात लावत नाही तोवर सगळं शाबूत.

समरी टास्कला, म्हणजे ज्याच्या पोटात इतर टास्क आहेत अशा ठळक ओळीला, कधीच लिंक लावू नका. आपल्याच उदाहरणात बघा, कारखानावाला वीजवाल्याला पाया देतो आणि नंतर त्याच्याकडून सप्लाय घेतो. दोन वेगळ्या माइलस्टोनांमधून हे सरळ जातं. पण कोणी "बर्फ कारखाना" या अख्ख्या समरीला दोन्ही टोकं बांधली तर कारखाना विजेची वाट बघतोय आणि वीज कारखान्याची, चक्र तयार. दोन फाइलींत विभागलेलं असं चक्र एकेक फाइल बघून शोधणं फार त्रासाचं असतं.

लिंकचा प्रकार फिनिश टू स्टार्टच ठेवा, म्हणजे आधीचं संपलं की पुढचं सुरू. लॅग, म्हणजे दोन टास्कांमधले थांबायचे दिवस, तोसुद्धा या लिंकवर टाकू नका. थांबायचे दिवस असतील तर ते देणाऱ्याच्या फाइलमध्ये सरळ टास्क म्हणून दिसू देत, क्युअरिंगसारखे. लिंकवर लपवलेले दिवस नक्की कोणाचे ते सहा महिन्यांनी कोणालाच आठवत नाही.

"दे" माइलस्टोनवर अजून एक गोष्ट, टास्क इन्फर्मेशनमध्ये ॲडव्हान्स्ड टॅबवर डेडलाइनची तारीख घाला, बैठकीत कबूल केलेली. डेडलाइन कामाला अडवत नाही, पण ती ओलांडली की देणाऱ्याच्या स्वतःच्या फाइलमध्ये लाल खूण येते आणि त्याचा टोटल स्लॅक, म्हणजे शेवट न सरकता काम किती लांबू शकतं ती सवड, पण त्या तारखेप्रमाणे मोजला जातो. हे फार मोलाचं आहे, कारण नाहीतर देणाऱ्याला त्याच्या फाइलमध्ये भरपूर सवड दिसत राहते.

पायरी 5: लिंक टाकणे

सगळ्या फाइली आधी त्यांच्या कायमच्या जागी ठेवा, एकाच सर्व्हरवर, एकाच फोल्डरमध्ये. लिंकमध्ये फाइलचा पत्ता साठवला जातो, म्हणून सगळ्यांच्या कंप्युटरवर तो पत्ता अक्षरशः सारखा हवा. एकाकडे तो झेड ड्राइव्ह म्हणून आणि दुसऱ्याकडे सर्व्हरच्या नावाने असं नको.

मग एक नवी कोरी फाइल उघडा, ही मास्टर. प्रोजेक्ट टॅबवर सबप्रोजेक्ट आहे, त्यातून चारही फाइली एकाखाली एक घाला, खाली "लिंक टू प्रोजेक्ट" वर टिक राहू दे. आता "दे-01" वर क्लिक, कंट्रोल दाबून "घे-01" वर क्लिक, आणि कंट्रोल एफ2. झाली लिंक. क्रम महत्त्वाचा, आधी देणारा. सगळ्या जोड्या झाल्या की सेव्ह करा, आणि प्रत्येक फाइल सेव्ह करू का असं विचारेल तेव्हा सगळ्यांना हो म्हणा. एक फाइल सेव्ह आणि दुसरी नाही असं झालं की लिंकचं एक टोक लोंबकळत राहतं.

मास्टर न बनवता घेणाऱ्याच्या प्रेडिसेसर्स (आधीची कामं) कॉलममध्ये पलीकडच्या फाइलचा पूर्ण पत्ता, तिरकी रेघ आणि टास्कचा नंबर टाइप करूनही लिंक होते. चालतं, पण एका अक्षराची चूक झाली की शोधत बसा. माझी पसंती मास्टरलाच. मास्टरमध्ये प्रत्येक फाइलचे आयडी नंबर 1 पासूनच सुरू होतात, त्यामुळे तिथे नंबरवर न जाता नावावर जा.

आता घेणाऱ्याची फाइल एकटी उघडा. "घे-01" च्या वर "दे-01" करड्या अक्षरांत दिसेल. ही पलीकडच्या टास्कची सावली, हिला बदलता येत नाही, डबल क्लिक केलं तर मूळ फाइल उघडते.

पायरी 6: दोन टिका

ऑप्शन्समध्ये ॲडव्हान्स्डखाली क्रॉस प्रोजेक्ट लिंकिंगचा भाग आहे. फाइल उघडताना लिंकांची खिडकी दाखवायची, ही टिक चालू. नवीन बाहेरचा डेटा आपोआप स्वीकारायचा, ही टिक बंद. हे सेटिंग त्या-त्या फाइलपुरतं असतं, चारही फाइलींत वेगवेगळं करावं लागतं, मास्टरमध्ये केलं म्हणून झालं असं नाही.

आपोआप स्वीकारणं सोपं वाटतं पण त्यात घात आहे. रस्तेवाल्याच्या माणसाने शुक्रवारी संध्याकाळी चुकून 2 च्या जागी 20 दिवस टाइप केलं, सेव्ह केलं, घरी गेला. सोमवारी जेटीवाल्याने फाइल उघडली, सगळं पावसाळ्यापलीकडे गेलेलं, आणि कशामुळे ते कळायला मार्ग नाही. खिडकी उघडली असती तर तिथेच जुनी-नवी तारीख समोर आली असती.

पायरी 7: दर आठवड्याचा नेम

दिवस ठरवून घ्या. आपण गुरुवार-शुक्रवार धरू. गुरुवारी दुपारपर्यंत चौघांनी आपापली फाइल भरायची: खरं कधी सुरू झालं, खरं कधी संपलं, आणि जे चालू आहे त्याला अजून किती दिवस लागणार. टक्केवारीपेक्षा हे "अजून किती दिवस" मला जास्त महत्त्वाचं वाटतं, 80 टक्के झालं म्हणणारा माणूस तीन आठवडे 80 वरच असतो, अजून किती दिवस असं विचारलं की त्याला विचार करावा लागतो. जे काम व्हायला हवं होतं पण झालं नाही ते मागच्या तारखेवर पडून राहू देऊ नका, प्रोजेक्ट टॅबवर अपडेट प्रोजेक्टमधून उरलेलं काम स्टेटस तारखेच्या, म्हणजे ज्या दिवसापर्यंतची माहिती भरली त्या तारखेच्या, पुढे ढकला. हे न करता पुढच्या तारखा बघणं व्यर्थ.

भरायचा क्रम पाळा, देणारे आधी. आपल्याकडे रस्ता, मग जेटी, मग कारखान्याचं बांधकाम, मग वीज. कारखाना पाया देतो पण आणि सप्लाय घेतो पण, म्हणून त्याची फाइल वीजवाल्यानंतर परत एकदा उघडायची, आणि रस्तेवाला जेटीचं टोक घेतो म्हणून त्याची पण जेटीनंतर परत.

घेणाऱ्याने फाइल उघडली की लिंक्स बिटवीन प्रोजेक्ट्सची खिडकी येईल. नाही आली तर प्रोजेक्ट टॅबवरून उघडा. दोन टॅब असतात, बाहेरचे प्रेडिसेसर आणि बाहेरचे सक्सेसर (नंतरची कामं), प्रत्येक ओळीसमोर काय फरक पडलाय ते लिहिलेलं असतं. एकेक ओळ बघायची. फरक दोन-तीन दिवसांचा असेल आणि आपल्याकडे सवड असेल तर ॲक्सेप्ट. मोठा फरक असेल तर हात थांबवा आणि देणाऱ्याला फोन करा. "भाऊ, तुमचा भराव 9 दिवस पुढे गेलेला दिसतोय, खरंच गेलाय की टायपिंग?" एवढंच विचारायचं. खरं असेल तर कारण, नवी तारीख आणि ती कोणाच्या तोंडची आहे हे नोंदवहीत लिहा, मग स्वीकारा. "ऑल" हे बटण सगळं एकदम स्वीकारतं, त्याच्या वाटेला जाऊ नका.

नोंदवही म्हणजे साधी एक्सेल शीट. दर ओळीत जोडीचा नंबर, काय द्यायचंय, देणारा नि घेणारा, कबूल तारीख, आजची तारीख, घेणाऱ्याकडे उरलेली सवड, आणि शेवटी शेरा. शुक्रवारच्या बैठकीत हीच शीट पडद्यावर लावा. चार गँट चार्ट दाखवलेत तर तासाभरात सगळे मोबाइलमध्ये, दहा ओळींची शीट असेल तर चौघेही बोलतात.

पायरी 8: मास्टरमध्ये काय बघायचं

आठवड्याच्या शेवटी मास्टर उघडा. ऑप्शन्समध्ये शेड्यूलखाली "इन्सर्टेड प्रोजेक्ट्स आर कॅल्क्युलेटेड लाइक समरी टास्क्स" ही टिक चालू असली की चारही फाइलींचा मिळून एकच क्रिटिकल पाथ दिसतो (म्हणजे ज्यातलं एक काम लांबलं तरी शेवट लांबतो ती कामांची साखळी), बंद असली की प्रत्येकाचा वेगळा. दोन्ही करून बघा, फरक खूप काही सांगतो. रस्तेवाल्याच्या एकट्याच्या फाइलमध्ये भराव क्रिटिकल नसतो, त्याचं डांबरीकरण क्रिटिकल असतं, म्हणून त्याचा रोलर तिकडे असतो. अख्ख्या बंदराच्या दृष्टीने मात्र भरावच क्रिटिकल. हे त्याला कोणी दाखवलंच नसतं तर त्याने का बदलावं?

बेसलाइन, म्हणजे कबूल तारखांची जपून ठेवलेली प्रत, मात्र प्रत्येक फाइल स्वतंत्र उघडून घ्या, चौघांनी एकाच दिवशी, बैठकीत तारखा कबूल झाल्यावर. आणि मास्टरमधून रोजची एंट्री करायचा मोह टाळा, ती बघण्यासाठी आणि लिंका जोडण्यासाठी. दोघांनी एकाच वेळी, एकाने मास्टरमधून आणि एकाने मूळ फाइलमधून काम केलं की सेव्हिंगचे घोळ सुरू.

रिग, क्रेन, ट्रान्झिट मिक्सर यांसारखं सामायिक यंत्र असेल तर रिसोर्स पूलची वेगळी फाइल करून शेअर रिसोर्सेसमधून चारही फाइली त्याला जोडता येतात, म्हणजे तीच क्रेन एकाच दिवशी दोन ठिकाणी लागली की कळतं. पण ती अजून एक गुंतागुंत, आधी लिंका स्थिर होऊ देत.

तुटलं तर

लिंका तुटतात त्या मुख्यतः फाइलचं नाव बदललं, फोल्डर हलवलं किंवा व्हॉट्सॲपवर आलेली कॉपी मूळ फाइलवर चढवली म्हणून. "फायनल", "फायनल 2", "फायनल साहेबांची" असली नावं इथे बाद. फाइलचं नाव पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत एकच, जुन्या प्रती हव्या असतील तर दर शुक्रवारी सगळं फोल्डर एकदम झिप करून तारखेने ठेवा. त्या झिपमधली फाइल नुसती उघडून काम सुरू करू नका, तिच्यातल्या लिंका मूळ जागेकडेच बोट दाखवत असतात.

पत्ता बदललाच तर लिंक्स बिटवीन प्रोजेक्ट्सच्या खिडकीत ब्राउझ आहे, तिथून नवी जागा दाखवा. मास्टरमधली घातलेली फाइल हरवली असेल तर तिच्या ओळीच्या टास्क इन्फर्मेशनमध्ये ॲडव्हान्स्ड टॅबवर सोर्स प्रोजेक्टसमोर पण ब्राउझ आहे. आणि लिंक विचित्र वागायला लागली, सावली दोनदा दिसतेय, तारीख जुळत नाहीये, तर दुरुस्त करत बसण्यापेक्षा ती पूर्ण डिलीट करा, दोन्ही फाइली सेव्ह करा आणि मास्टरमधून नव्याने जोडा. "दे-घे" जोड्या असल्याने पाच मिनिटांचं काम आहे.

सर्व्हर नसेल, रेंज नसेल तर

खाडीपलीकडच्या साइटवर नेटची रेंज टेकडीवर गेल्याशिवाय मिळत नाही हे आपल्याला माहीत आहे, आणि चार वेगळ्या कंपन्या एका सर्व्हरवर येतातच असं नाही. अशा वेळी जिवंत लिंकचा हट्ट सोडा. "घे-01" हा माइलस्टोन घेणाऱ्याच्या फाइलमध्ये राहू दे, त्यावर "या तारखेआधी सुरू नको" हे बंधन घाला, आणि दर गुरुवारी देणाऱ्याकडून मेसेजवर आलेली तारीख हाताने टाका. मेसेजचा साचा ठरवून द्या: जोडीचा नंबर, नवी तारीख, कारण. दहा जोड्यांना पंधरा मिनिटं लागतात. खरं सांगायचं तर लहान कामांना मी हीच पद्धत सुचवतो, फाइल खराब व्हायची भीती नाही आणि प्रत्येक तारीख माणसाच्या नजरेखालून जातेच.

सॉफ्टवेअरच नसेल तर गूगल शीट्सवर पण हे जमतं. प्रत्येकाची आपली शीट, आणि घेणाऱ्याच्या शीटमध्ये इम्पोर्टरेंज फॉर्म्युल्याने देणाऱ्याच्या माइलस्टोनची तारीख आणायची, पहिल्यांदा परवानगी मागते ती द्यायची. कामाचे दिवस मोजायला वर्कडे-इंटल फॉर्म्युला, त्यात रविवार आणि सुट्ट्यांची यादी देता येते. पावसाळा पण त्या सुट्ट्यांच्या यादीतच टाकायचा, 1 जून ते 30 सप्टेंबरची एकेक तारीख ओढून भरायची. आणलेल्या तारखेच्या शेजारी "स्वीकारलेली तारीख" असा हाताने भरायचा कॉलम ठेवा आणि पुढचं गणित त्या कॉलमवरून चालवा, म्हणजे इथेही काही आपोआप घुसत नाही.

प्रायमावेरा पी6 मध्ये सगळे प्रोजेक्ट एकाच डेटाबेसमध्ये असतात, त्यामुळे फाइलचा पत्ता हरवायचा प्रश्न नाही. तिथे लक्ष ठेवायचं ते दोन जागी. शेड्यूल करताना ऑप्शन्समध्ये इतर प्रोजेक्टांशी असलेले संबंध सोडून द्यायची एक टिक आहे, ती चुकून लागलेली असली की सगळ्या बाहेरच्या लिंका असून नसल्यासारख्या. आणि एक्सईआर फाइल, म्हणजे पी6 मधून बाहेर काढलेली फाइल, दुसऱ्याकडे पाठवली की पलीकडचा प्रोजेक्ट सोबत गेला नसेल तर लिंकच्या जागी एक्स्टर्नल अर्ली स्टार्ट आणि एक्स्टर्नल लेट फिनिश अशा तारखा चिकटून राहतात. त्या कन्स्ट्रेंटसारख्या काम करतात पण कन्स्ट्रेंटच्या कॉलममध्ये दिसत नाहीत, म्हणून बाहेरून आलेली कोणतीही फाइल उघडली की हे दोन कॉलम आधी आणून बघायचे, आणि ज्या तारखांमागे आता खरी लिंक आहे त्या पुसून परत शेड्यूल करायचं.